राह्यलं तेवढं राखायचं

बसा बाई, त्या पोत्यावर बसा, खालतं ओल हाये, सकाळीच सारवलं. तुमी शाळेच्या बाई, तुमी इचारायले आल्या का गुंफा शाळेत काहून येत नाई, उमर तं झाली, तिच्या जोडीच्या पोट्ट्या पाढे म्हनून राह्यल्या. काय सांगू तुमाले. दारात उभं राहून सांगन्यासारखं असतं तं सांगून मोकळी झाली असती. तुमच्या पयले जे मास्तर होते त्याईलेबी मी नुस्तं बिमार हाये म्हनलं, त्याईनं तेच लिहून नेलं. बिमार नाई हाये ते. बिमार मानूस बरं तं होते.

मी इथलीच, रिठदची. मांगच्या गल्लीत माह्या बापाचं घर होतं, आता पडलं. माय-बाप दोघंबी लोकाईच्या वावरात, निंदनं, कापूस येचनं, तूर सोंगनं, हंगाम सरला का जे भेटन ते. मीबी तेच केलं, परकर नेसायची तवापासून. शाळा मी बाहेरूनच पायली, आतमंदी काय असते ते मले ठाऊक नाई. माहं नाव कौसल्या. माह्या मांगं एक भाऊ, नामदेव, हे घर त्याचंच, मी अन गुंफा त्याच्या आसऱ्यानं राहतो. नवऱ्याचं नाव मी घेत नाई, तुमाले कागदावर पाह्यजे असन तं नामदेवले इचारा. मी आपलं गुंफाचा बाप म्हनते.

गुंफाचा बाप वाशीमले कामाले होता. लगन झालं तवा लोकं म्हनत, कौशीनं नशीब काढलं, शहरात चालली, आता कवा वावरात वाकनं नाई. मलेबी तसंच वाटलं. वाशीमले मोटारस्टँडच्या मांगं एका शेठचं शेड होतं, टिनाचं, तिथं जुन्या बॅटऱ्याचं काम चाले. टरकाच्या बॅटऱ्या, टॅक्टरच्या, काया काया, जड अशा का एकट्याले उचलवत नाई. पयले त्यातलं तेजाब, म्हनजे अ‍ॅसिड, मोरीत ओतून द्यायचं, मंग घनानं फोडायचं, आतमंदल्या प्लेटा काढायच्या, अन त्या लोखंडी कढईत टाकून भट्टीवर वितळवायच्या. शिसं वितळलं का पान्यासारखं होते बाई, अन असं चमकते का पाहतच राहावं वाटते. वरतं राखुंडी येते, ते पळीनं काढून फेकायची अन खालचं साच्यात ओतायचं. गुंफाचा बाप कढईवर असे. शेठ म्हने, याचा हात थरथरत नाई, याच्यासारखी धार कोनाची पडत नाई. तो हात मी पायला हाये, खरंच थरथरत नसे.

शेडच्या मांगं एक खोली होती, ते शेठनं आमाले देल्ली. शेठ वाईट मानूस नोता, हे मी पयलेच सांगून ठेवते, लोकं मांगून काईबी बोलतात. खोलीचं भाडं घेत नसे. बॅटरीत प्लेटाच्या मधात लाकडाच्या पातळ पातळ पट्ट्या निघत, त्या वाळल्या का कागदासारख्या पेटत, शेठ म्हने घेऊन जा कौसल्या, चुलीले होतीन. मी टोपलं भरून आनायची. तुमी समजा, वावरातून कापसाच्या पऱ्हाट्या डोक्यावर वाहून आनलेली बाई मी, अन इथं दारातच जळतन. मले तं राजाच्या घरी आल्यासारखं झालं. अन संध्याकाळी काम सुटलं का शेठ सगळ्याईले गुळाचा खडा देई. म्हने, गूळ खाल्ला का धूळ अंगात राहत नाई, सगळी निघून जाते. तोबी खाई. आमच्यासमोर उभा राहून खाई. म्हनजे बाई, त्यालेबी तसंच वाटत होतं. फसवायचं असतं तं त्यानं स्वतः कायले खाल्ला असता.

गुंफा त्याच खोलीत झाली. आता तुमी तिले पाहून राह्यल्या ना, तशी नोती ते. लवकर बोलली. मोटारस्टँड जवळ, दिवसभर कंडक्टर ओरडत, ते दारात बसून ऐके अन मंग स्वतःच गाडी काढे, रिठद रिसोड लोनार मेहकर, रिठद रिसोड लोनार मेहकर, अन हातानं घंटी वाजवे. शेडातले गडी काम सोडून तिचं ऐकत. एकानं म्हनलं, वहिनी, हे पोट्टी मास्तरीन होनार. मी मीठमोहऱ्या उतरवल्या त्या दिवशी. ते शेडभर रांगली, शेडभर चालली, बापाच्या पायाशी बसे, कढईपासून दूर ठेवू आमी, भाजन म्हनून, भाजन्याचीच भीती होती आमाले. ते करडी धूळ सगळ्यावर बसे, भांड्यावर, गोधडीवर, पोट्टीच्या हातावर, अन लेकरू बोटं चोखतेच ना बाई. दुनियेतलं कोनतं लेकरू बोटं चोखत नाई.

मंग तिचं पोट दुखू लागलं. मुरडा मारून दुखे, दिवस दिवस संडास नाई. जेवेना. रंग असा पांढरा पडला, पिठासारखा. माती खाय. चिडचिड करे, ज्या पोट्टीनं कवा हट्ट केला नाई ते भिंतीवर डोकं आपटे. म्या वव्याचं पानी पाजलं, एरंडेल पाजलं. मंग ते चालता चालता पडू लागली. अन तिच्या गाड्या बंद झाल्या. पयले मेहकर गेलं, मंग लोनार, नुस्तं रिठद रिठद करे, मंग तेबी नाई. मी गुंफाच्या बापाले म्हनलं का पाय ना, हे बोलत काहून नाई, तो म्हने दात येत असतीन. दात तं कवाच आले होते. शेजारची म्हने बाहेरचं हाये, एका बुढ्याकडं नेलं, त्यानं अंगारा लावला, दोरा बांधला. दोरा बांधून घरी आनली अन चुलीपाशी तिले झटका आला. डोये फिरले, तोंडाले फेस, हात पाय काठीसारखे. मी तिले धरली, मले धरवेना, एवढ्याशा लेकरात एवढं बळ कुठून आलं म्हनलं.

वाशीमच्या सरकारी दवाखान्यात पायलं अन म्हनलं अकोल्याले न्या. आगगाडीनं नेलं. मी अन तिचा बाप, पोट्टी मांडीवर, बाहेर ज्वारी उभी होती हे मले आठवते, निसवायले आलेली ज्वारी. अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात एक वयाचे डाक्टर होते. त्याईनं गुंफाले पायलं, मंग गुंफाच्या बापाकडं पायलं, अन म्हने तू तोंड उघड. मले राग आला, म्हनलं बिमार पोट्टी हाये अन हे बापाचं तोंड काहून पाहून राह्यले. त्याईनं त्याचा ओठ वरतं केला अन मले बोलावलं, म्हने पाय. हिरड्याच्या कडेले निळी-काळी रेघ होती, शाईनं काढल्यासारखी. इतके दिवस त्याच्यासंग राह्यली, मी कवा पायली नोती. डाक्टर म्हने, काय काम करतो. तो म्हने, शिसं वितळवतो. डाक्टर म्हने, लेकरू कुठं राहते. तो म्हने, तिथंच. चुलीत काय जाळता म्हने. मी त्या पट्ट्याचं सांगतलं.

डाक्टर खुर्ची ओढून आमच्यासमोर बसले.

मंग त्याईनं समजावून सांगतलं. शिसं धुरातून जाते, धुळीतून जाते, अन्नातून जाते. रक्तात जाते, मंग हाडात जाऊन बसते, अन लहान लेकराच्या मेंदूत जाते. मेंदूले ते जाळते म्हने, जसा लोखंडाले जंग चढतो तसं आतून खाते. ठेवून घेतलं तिले तिथं. सुया देल्ल्या, एक सुई नागपूरहून मागवली. झटके थांबले. मी म्हनलं बरी झाली, घेऊन जाऊ. जायच्या दिवशी डाक्टरनं मले बसवलं अन खान्याचं सांगतलं. पोट रिकामं ठेवू नोको, रिकाम्या पोटी शिसं जास्त भिनते. दूध दे, तीळ दे. आवळा रोज दे, कच्चा नाई भेटला तं वाळवलेला, लिंबू दे, हिरव्या पालेभाज्या दे, शेवग्याचा पाला दे. या वस्तूत असं काई असते म्हने का ते मेंदूले जंग चढू देत नाई, आड उभं राहते. मी सगळं पाठ करून टाकलं, लिहिता कुठं येते. अन मंग मी इचारलं.

मी म्हनलं, डाक्टरसाहेब, हे सगळं मी तिले खाऊ घातलं तं ते पयल्यासारखी बोलन का?

त्याईनं चष्मा काढला. म्हने, बाई, तुले खोटं सांगून मी काय करू. गेलं ते गेलं. खान्यानं जे राह्यलं ते राखता येते. अन तेबी तवाच, जवा ते शेड सोडशीन. तिथं राहून आवळे खाऊ घालशीन तं काई उपेग नाई.

तेवढं एक बोलनं मी धरून ठेवलं बाई. राह्यलं तेवढं राखायचं. वाशीमले येऊन मी गुंफाच्या बापाले म्हनलं, चाल रिठदले, मजुरी करू दोघं. तो म्हने, मजुरीवर दूध कुठून आनशीन, लिंबं कुठून आनशीन, डाक्टरनं सांगतलं ते सगळं वावरात फुकट भेटते काय, तू पोट्टीले घेऊन जा, मी इथून धाडतो. त्याचंबी खोटं नोतं. म्हनजे असं पाहा, तिच्या दुधासाठी तो तिथं राह्यला जिथं तिचं असं झालं. तवा त्याची मनगटं दुखत होती, पन सांगे नाई. शेठले डाक्टरचं बोलनं सांगतलं तं शेठचं तोंड उतरलं. त्यानं दुसऱ्या दिवसापासून गुळाचा खडा मोठा केला.

रिठदले आली. नामदेवनं दारात घेतलं, भावजयबी तवा काई बोलली नाई. मी सकाळी गुंफाले काई तरी खाऊ घातल्याबिगर उठू देत नसे. पावसाळ्यात तरोटा, घोळ, अंबाडी, बांधावर जे हिरवं दिसन ते खुडून आनायची. शेवगा शेजारी होता, त्याईले मागून पाला आनायची. जवसाची चटनी, तिळाची चटनी. कार्तिकात बाया इथल्याच, वाशीमजवळच्या मालेगावच्या अंगाच्या जंगलात सरपनाले जात, मी त्याईच्या संग जाऊन आवळे वेचून आनायची, फोडायची, मीठ लावून टिनावर वाळवायची. बाया हासत, म्हनत कौशीले आवळ्याचं येड लागलं. गुंफाले आंबट आवडे नाई, थुंकून टाके, मी गुळात कुटून देऊ. अन बाई, फरक पडला. तिचं तोंड लाल झालं. पडनं कमी झालं. एक दिवस मी रांजनापाशी होती अन ते मांगून म्हने, पानी. साफ म्हने, पानी. मी सगळ्या गल्लीत सांगत फिरली. गुंफाचा बाप आला तवा त्याच्यासमोर म्हनून दाखव म्हनलं तं म्हने ना, पन दोन दिवसांनी पुन्यांदा म्हने. मले वाटलं डाक्टर मोठे असले तं काय झालं, त्याईलेबी सगळंच थोडी ठाऊक असन. मले वाटलं, गेलेलंबी येते.

मंग दुष्काळ पडला. तुमी तवा कुठं होत्या बाई? पाऊस आला नाई तं आलाच नाई. तरोटा नाई, घोळ नाई, बांधावर हिरवं म्हनून कुसळ नाई. हिरी आटल्या. शेवग्याचा पाला ढोराईले ओरबाडून नेला. गाय होती नामदेवची ते इकली. रेशनवर लाल मिलो भेटे, बाहेरदेशची ज्वारी, त्याची भाकर थापली का फाटे, गुंफाच्या नरड्याखाली उतरे नाई. जंगलात गेली तं आवळे वाटान्याएवढे, झाडावरच वाळलेले. मी खडी फोडायले गेली, सडकेच्या कामावर, तिथं सुकडी देत, पिठात गूळ मिसळलेली, ते मी तोंडात न घालता पदरात बांधून आनायची. दोन पोटाची होती मी तवा. हे सांगायचं राह्यलं, गुंफाचा बाप येऊन जाऊन असे, मले दिवस राह्यले होते. मी म्हनू, हे लेकरू रिठदलेच होईन, याले शेडाचा वारा लागनार नाई. एवढी एकच गोष्ट त्या साली चांगली होती.

भावजय त्याच दिवसात बोलली. तिचीबी लेकरं होती. म्हने, लिंबाची फोड आली का तुही पोट्टी, दुधाचा थेंब आला का तुही पोट्टी, माह्या लेकराईचे मेंदू काय दगडाचे हायेत. खरंच तं होतं. त्या दिवसापासून जे आलं त्याचे सारखे वाटे केले. सारखे वाटे केले का एकाच्याबी वाट्याले काई येत नाई, तसं झालं. गुंफा त्या उन्हाळ्यात पुन्यांदा पडू लागली. पानी म्हनायची थांबली.

अन लेकरू मेलेलं झालं. पोट्टं होतं. पूर्न होतं बाई, नखं होती, डोक्यावर केस होते. मी म्हनलं खडीवर वजन उचललं म्हनून, उपाशी राह्यली म्हनून. पुढं गुंफाले घेऊन अकोल्याले गेली तवा त्याच डाक्टरले सांगतलं. त्याईनं माह्या हिरड्या पायल्या. मंग म्हने, शिसं तुह्याबी हाडात हाये, आईच्या पोटात लेकरू वाढते तवा ते आईच्या हाडातून घेते, खायले कमी असलं तं जास्तच घेते, हाडातला चुना घ्यायले जाते अन संग शिसं येते. आता मले सांगा, मी समजून राह्यली होती का ते सगळं वाशीमले सोडून आली. ते तं माह्या हाडात बसून रिठदले आलं होतं. त्या लेकराले शेडाचा वारा नाई लागला, खरं हाये. मीच त्याचं शेड होती.

थांबा, पानी पिते.

दुष्काळ सरला त्या साली गुंफाच्या बापाले शेडातल्या एका गड्यानं आनून सोडलं. दोन्ही मनगटं लोंबून गेली होती, हात वरतं केला का पंजा खालतं पडे, कपडा वाळत घातल्यासारखा. शेठनं म्हनलं म्हने, आराम कर, बरा झाला का ये. कपबशी धरता येईना. ज्याची धार सारखी पडे त्या मानसाले मी घास भरवायची. अन डोकंबी फिरून गेलं होतं. कवा मले ओळखे, कवा इचारे तू कोनाची. एकाएकी उठे, म्हने कढई तापली, शेठ बोलन, अन निघे, नामदेव त्याले वेशीवरून वापस आने. कवा इतका चिडे का मी गुंफाले घेऊन शेजारी बसू. त्याले मी कवा चिडलेलं पायलं नोतं, हे तुमी ध्यानात घ्या. तो तसा मानूस नोता.

मी दोघाईलेबी डाक्टरनं सांगतलं ते खाऊ घालायची म्हनलं. पन मजुरी माही एकटीची. आवळे त्या कार्तिकात आले, पन थोडे, झाडं अजून सावरली नोती. वाळवलेले एका गाडग्यात बसतीन एवढेच. दोघाईले पुरवायचे म्हनलं तं होळीपर्यंतच सरतीन. मी सकाळी दोघाईले जोडीनं बसवायची अन गाडगं घेऊन मधात बसायची, अन हात पुढं जाये ना. एक दिवस अशीच बसली होती. गुंफाचा बाप तिकडं पाहून राह्यला होता, गुंफाकडं, त्या दिवशी त्याले सगळं ध्यानात असावं, आवाज पयल्यासारखा होता. मले म्हने, तिले दे. मी म्हनलं, तुमालेबी देते ना. म्हने, माह्यात आता राखाले काय राह्यलं कौसल्या, तिले दे.

त्यानं मले नावानं हाक मारली ते तेवढीच. त्याच्यानंतर मी त्याले आवळा देल्ला नाई. तो गूळ मागे, गूळ असला का देऊ. डाक्टरनं सांगतलं त्यात गुळाचं नाव नोतं, पन तो मागे, अन खाल्ला का त्याले वाटे आता धूळ निघून जाईन, दोन घटका शांत बसे. पुढच्या पावसाळ्यात गेला. झटके येऊन गेला. शेठ मयतीले आला होता, वाशीमहून, उन्हात उभा राह्यला. त्याच्याबी हाताले कापरं सुटलं होतं, मी पायलं.  

गुंफाचं म्हनसान तं तुमी पाहूनच राह्यल्या. उजवा पाय ओढते. मले ओळखते, नामदेवले ओळखते, त्याच्या लेकराईच्या मांगं मांगं फिरते. झटके नाई येत आता. पानी म्हनते, भाकर म्हनते, नोको म्हनते, अजून असे दोन-चार शब्द हायेत. इस्तवाचं भेव समजत नाई, चुलीजवळ एकटं ठेवता येत नाई. हे राह्यलं. एवढंच राह्यलं होतं का अजून काई होतं अन माह्यानं राखनं झालं नाई, हे मले समजत नाई, अन कोनी सांगनारं नाई. डाक्टर म्हने, तू केलं नसतं तं हेबी नसतं. म्हनत असतीन. त्याईनं चष्मा नाई काढला ते सांगताना.

अन आता ते सांगते जे मले खरं सांगायचं होतं. मांगच्या साली आवळ्याच्या दिवसात मी वाशीमच्या बजाराले गेली होती, पाय आपोआप तिकडं वळले. शेड तिथंच हाये. भट्टी चालूच. आमच्या खोलीत दुसरं बिऱ्हाड, मानोऱ्याकडचं, नवरा कढईवर, बाई पोट्टीएवढीच, काखेत लेकरू, बोलकं लेकरू बाई, माह्याकडं पाहून हात हालवे. ते बाई त्याच लाकडाच्या पट्ट्या चुलीत सारून राह्यली होती. मी तिले बसवून सगळं सांगतलं, गुंफाचं, तिच्या बापाचं, हाडाचं, सगळं. तिचं तोंड पांढरं पडलं. मी म्हनलं, हे लेकरू घेऊन निघ इथून. ते म्हने, कुठं जाऊ, तांड्यावर काई नाई, दर साली फिरून फिरून पाय थकले, आता कुठं एका जागी चूल मांडली. माह्यापाशी दुसरं काई नोतं, थैलीत वाळलेले आवळे होते, ते तिच्या पदरात टाकले, म्हनलं रोज दे लेकराले, रिकाम्या पोटी ठेवू नोको. तिनं ते असे धरले का जसं दोन्ही हात भरून सोनं देल्लं. अन मले इचारते,

मावशी, हे रोज देल्लं तं मंग इथं राहता येईन ना?

मी नाई म्हनलं. दोनदा म्हनलं. डाक्टरनं सांगतलं होतं ते जसंच्या तसं सांगतलं, का इथं राहून आवळ्याचा उपेग नाई. तिनं मान हालवली अन आवळे नीट डब्यात भरून ठेवले. मी पायलं बाई तिच्या डोयात, तिले जे ऐकायचं होतं ते तिनं ऐकलं होतं.

आता या साली झाडाले चांगले आवळे लागले, वरतं टिनावर वाळून राह्यले. नेले तं ते बाई समजते का आता भेव नाई, अन तिथंच राहते. नाई नेले तं त्या लेकराच्या पोटात तेवढंबी जात नाई. मी लय इचार केला. तुमी शिकलेल्या, तुमी सांगा, न्यावं का नाई न्यावं? नाई ना सांगता येत. मलेबी नाई. मी नेते, बजाराच्या दिवशी, अन पुन्यांदा सांगते का निघ. पुन्यांदा मान हालवन ते.

गुंफाचं नाव लिहा तुमच्या वहीत, लिहायचं असन तं. दारापाशी बसू द्या तिले, कोनाले तरास देनार नाई, लेकराईचा आवाज तिले आवडते. शिकनार काई नाई ते. तुमचे हात-पाय, तुमचं डोकं नीट राहो बाई, तुमची लेकरं धडधाकट राहो. निघा आता, ऊन चढलं.